आबांचा निवडुंग आणि वहीतली साखर

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापुरातील एका शिक्षिकेने आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. वडिलांना घरात सगळे आबा म्हणतात. ते ६८ वर्षांचे असून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. ११ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि ते ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन या गोळ्या घेतात. दोन महिन्यांपूर्वी भाच्याने मोबाइलवर पाठवलेला एक व्हिडिओ पाहून त्यांनी फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांचा रस रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला सुरुवात केली. बोंडे हातकणंगल्याकडच्या शेताच्या बांधावरून येतात. ती नसतील त्या दिवशी ऑनलाइन मागवलेल्या बाटलीतला ‘निवडुंग रस’ घेतला जातो. त्याच सुमारास आबांनी गुळाचा चहा सोडला, रात्रीचा भात बंद केला आणि पहाटे रंकाळा तलावाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. त्यांच्या वहीतील नोंदींनुसार उपाशीपोटीची साखर १६४ वरून १२२ पर्यंत उतरली आहे. मात्र गेल्या पंधरवड्यात दोनदा, दुपारच्या जेवणाला उशीर झाला असताना, त्यांना दरदरून घाम आला आणि हात थरथरू लागले; ‘ऊन लागले’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. येत्या पाडव्यापासून गोळ्या पूर्ण बंद करण्याचा त्यांचा निश्चय आहे. ‘मेक्सिकोत संशोधनाने सिद्ध झाले आहे आणि आपल्या आयुर्वेदातही निवडुंग सांगितला आहे,’ असे ते म्हणतात. लेखिका विचारते : ‘हे सगळे थोतांड आहे असे मला वाटते, पण वहीतले आकडे तर खरे आहेत. विरोध केला तर आबा दुखावतात आणि गप्प बसले तर जीव टांगणीला लागतो. मी काय करू?’

ताई,

तुम्ही पत्रात जी गोष्ट जाता जाता सांगितली आहे, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. जेवणाला उशीर, दरदरून घाम, हातांची थरथर ही ऊन लागल्याची लक्षणे असू शकतात. परंतु ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसात ती दिसली, तर रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरली असावी, अशी शंका आधी घ्यायची असते. ही गोळी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावते आणि माणूस जेवला आहे की नाही, याची वाट पाहत नाही. म्हणून पाडव्याची वाट न पाहता, हे पत्र वाचून झाल्यावर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून घाम आणि थरथरीचे ते दोन्ही प्रसंग सांगा. डॉक्टर भेटेपर्यंत बाटलीतला रस बंद ठेवा, जेवणाची वेळ चुकू देऊ नका आणि गोळ्यांच्या मात्रेचा निर्णय घरात घेऊ नका.

तसा प्रसंग पुन्हा आला, तर ग्लुकोमीटर हाताशी असल्यास लगेच साखर मोजावी. ती ७० पेक्षा कमी असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल आणि लक्षणे तीच असतील, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस गुंगीत असेल किंवा शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा बरे वाटले तरी काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी आबांना घरी एकटे ठेवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही याला थोतांड म्हणता आणि आबा सिद्ध झालेले म्हणतात. मला दोघांचेही म्हणणे पुरते पटत नाही. निवडुंगावर खरोखरच संशोधन झालेले आहे आणि त्यातले काही चांगल्या प्रतीचे आहे. मात्र कोणत्या निवडुंगावर, त्याच्या कोणत्या भागावर, किती प्रमाणात आणि किती दिवस, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या संशोधनाचा आबांच्या पेल्याशी संबंध जोडता येत नाही.

पहिला प्रश्न वनस्पतीचा. आपण मराठीत निवडुंग हा एकच शब्द निदान दोन अगदी वेगळ्या कुळांसाठी वापरतो. आबांच्या बांधावर आहे तो फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या हिरव्या फडांचा, पिवळ्या फुलांचा आणि लाल-जांभळ्या बोंडांचा. हा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर गरुड ज्यावर बसला आहे, तो याच्याच जातकुळीतला. कोलंबसच्या सफरीनंतर तो जगभर पसरला, त्यामुळे चरक-सुश्रुतांच्या काळी तो आपल्या माळरानावर असणे शक्य नव्हते. चरकसंहितेत जी स्नुही किंवा सुधा सांगितली आहे, ती त्रिधारी निवडुंगाच्या आणि शेराच्या कुळातली, मोडली की पांढरा चीक वाहणारी वनस्पती आहे. तिचे वर्णन अतिशय तीव्र विरेचन म्हणून येते आणि ती जपूनच वापरावी, असेही तिथे बजावलेले आहे. हा चीक कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा करतो आणि पोटात गेला तर जुलाब-उलट्यांनी माणूस हैराण होतो. ‘आयुर्वेदात सांगितलेला निवडुंग’ आणि ‘मेक्सिकोत तपासलेला निवडुंग’ या दोन वेगळ्या वनस्पती असल्यामुळे एकीचा दाखला दुसरीला लावता येत नाही. फड्या निवडुंगाचा फड मोडला की आत पारदर्शक, बुळबुळीत द्रव दिसतो. पांढरा चीक दिसला तर त्या झाडाचे काहीही तोंडात घालू नये. हे मी तुमच्याइतकेच इतर वाचकांसाठीही लिहीत आहे, कारण व्हिडिओत झाडाचे नाव ऐकून कुंपणावरचे जे हाताला लागेल ते तोडून आणणारी माणसे मी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न भागाचा आहे आणि आबांच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. मेक्सिकोत निवडुंगाचे कोवळे फड भाजीसारखे खातात; त्यांना तिथे नोपाल म्हणतात. मधुमेहावरचे गाजलेले प्रयोग या फडांवरचे आहेत. १९८८ मध्ये तिथल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या थोड्या रुग्णांना एका वेळी ५०० ग्रॅम भाजलेले नोपाल खायला दिले, तेव्हा तीन तासांत त्यांची साखर सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात भरपूर पिष्टमय पदार्थ असलेल्या न्याहारीसोबत ३०० ग्रॅम वाफवलेले नोपाल दिले असता, न्याहारीनंतर चढणारी साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढले. याचे कारण गूढ नाही. फडांमध्ये पेक्टिन आणि तो बुळबुळीत चिकट द्रव भरपूर असतो. तो आतड्यात दाटसर होतो आणि साखरेचे शोषण मंदावते. मेथीदाणे किंवा इसबगोल पाण्यात भिजवल्यावर जे होते, त्याच जातीची ही क्रिया आहे.

पण आबा फड खात नाहीत. ते बोंडांचा गाळलेला रस पितात. निवडुंग आणि रक्तातील साखर यांवरच्या मानवी प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा फडांच्या बाजूने काही पुरावा दिसला, परंतु फळांमुळे साखरेत लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. शिवाय रस गाळताना चोथा आणि बिया टाकून दिल्या, की तंतुमय भागही बराचसा निघून जातो. म्हणजे ज्या संशोधनाचा आबा हवाला देतात, ते त्यांच्या पेल्यातल्या पदार्थाचे संशोधनच नाही. आबांनी ३० वर्षे मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवला असेल, त्यांना हा मुद्दा सांगितला तर तो अपमान वाटणार नाही, असे मला वाटते.

प्रमाण आणि मुदत यांविषयी फार सांगण्यासारखे नाही, आणि अडचण तीच आहे. अर्धा किलो भाजी एका वेळी खाणे आणि चहाच्या कपात मावेल एवढा रस पिणे यांची तुलना होत नाही. मेक्सिकोतच नोपालच्या कॅप्सूल तपासल्या गेल्या, तेव्हा एकदम ३० कॅप्सूल देऊनही साखर लगेच उतरली नव्हती. बहुतेक प्रयोग मोजक्या माणसांवर आणि काही तास ते काही आठवडे एवढ्याच मुदतीचे आहेत. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून त्यांच्या जागी निवडुंग दिला आणि वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे, हृदय शाबूत राहिले, असे दाखवणारा प्रयोग यात नाही. मधुमेहाचा खरा हिशेब तर याच अवयवांवर होतो.

बोंडे मात्र निरुपयोगी आहेत असे समजू नका. त्यांच्या गरात १०० ग्रॅममागे साधारण १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू, ८५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि जेमतेम ४१ किलोकॅलरी असतात. बिटाला लाल करणाऱ्या बीटालेन गटातलीच रंगद्रव्ये बोंडालाही रंग देतात. सिसिलीतील पालेर्मो येथे १८ निरोगी माणसांना दोन आठवडे रोज दोनदा २५० ग्रॅम गर दिला असता, शरीरातील ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या झिजेची चिन्हे कमी झाली आणि तेवढ्याच प्रमाणातले क जीवनसत्त्व नुसते दिल्यावर तसा परिणाम दिसला नाही. २००४ सालचा हा अभ्यास मला आवडतो, कारण तो औषधाचा दावा करत नाही. एक साधे फळ पोटात गेल्यावर काय होते, एवढेच तो पाहतो. बोंड हे चांगले फळ आहे, आणि आबांनी ते फळ म्हणून खावे.

मग वहीतले आकडे का उतरले? ताई, तुमच्याच पत्रात उत्तर आहे. गुळाचा चहा बंद झाला, रात्रीचा भात गेला, रोज पहाटे रंकाळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. या तीन गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट एकेकटीही साखर उतरवते, हे कोणत्याही संशोधनाइतकेच पक्के आहे. बोंडांचा रस त्याच सुमारास सुरू झाला, म्हणून श्रेय त्याला मिळाले. आबांनी स्वतःच्या निश्चयाने जे कमावले आहे, ते निवडुंगाच्या नावावर जमा होत आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आणि ते सांगणे म्हणजे विरोध नव्हे, कौतुकच आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. ‘गोळ्या कमी व्हाव्यात’ हे आबांचे म्हणणे चुकीचेच असेल असे नाही. त्यांच्या गोळीची मात्रा गुळाचा चहा पिणाऱ्या, रात्री भात खाणाऱ्या आणि न फिरणाऱ्या माणसासाठी ठरवलेली होती. तो माणूस आता बदलला आहे, मात्रा मात्र तीच आहे. घाम आणि थरथर यांचे कारण यातच असू शकते. त्यात त्या बाटलीतल्या रसाची भर पडत असेल, तर तीही तपासावी लागेल, कारण नुसत्या ‘निवडुंग रस’ या नावावरून त्यात फड आहेत की बोंडे, हे कळत नाही. ग्लिपिझाइड हे आबांच्या गोळीच्याच गटातले औषध. ते आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका रुग्णाने सोबत निवडुंगाचे फड खायला सुरुवात केल्यावर साखर धोकादायक उतरल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. म्हणजे निवडुंगाने काहीच होत नाही, ही भीती इथे दुय्यम आहे. त्याने थोडेफार काही होते आणि ते गोळीच्या परिणामात मिसळते, ही चिंता अधिक खरी आहे. डॉक्टरांनी तपासून ग्लिमेपिराइड कमी केली, बदलली किंवा थांबवली, तर तो आबांच्याच मेहनतीचा परिणाम असेल. मात्र पाडव्याच्या मुहूर्तावर दोन्ही गोळ्या एकदम फेकून देणे वेगळे. तसे केले तर साखर लगेच दिसेल अशी चढेलच असे नाही. ती हळूहळू चढू शकते आणि तोवर माणसाची खात्री पटलेली असते.

तेव्हा आबांशी बोलताना ‘हे बंद करा’ असे वाक्य काढू नका. ‘आबा, तुमची वही डॉक्टरांना दाखवू या, गोळी कमी होते का विचारू या,’ असे म्हणा. ते खोटे नाही आणि आबांच्या इच्छेच्या दिशेनेच जाणारे आहे. भाच्यालाही या बोलण्यात आरोपी करू नका. मामाच्या काळजीपोटीच त्याने व्हिडिओ पाठवला असणार. डॉक्टरांकडे जाताना वही, गोळ्यांची पाकिटे आणि ती बाटली सोबत न्या. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, भाग, घातलेली साखर आणि परवाना क्रमांक छापलेला आहे का, ते आधी घरी पाहून घ्या. काही रसांत टिकवण्यासाठी आणि चवीसाठी साखर घातलेली असते आणि ती मधुमेही माणसाच्या पोटात रोज जाते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. त्यासोबत मूत्रपिंडांची, म्हणजे क्रिएटिनिनची तपासणीही मागून घ्या. खर्चाची अडचण असलेल्या वाचकांनी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर औषधे शरीरात जास्त काळ राहतात आणि साखर उतरण्याचा धोका वाढतो. अशा माणसाने पोटॅशियम असलेले कोणतेही फळ वा रस रोज घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. ज्यांना मूतखडे होतात, त्यांनी फडांच्या बाबतीत सावध असावे, कारण फडांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट बरेच असते.

आता बोंडे खायची कशी, ते सांगतो. लहानपणी कागलकडच्या माळावर आम्ही ती चोरून खायचो आणि जिभेला लागलेली कुसळे दोन दिवस छळायची. मोठे काटे दिसतात, त्यांचा त्रास नाही. फळावरच्या ठिपक्यांत झुपक्याने बसलेली केसाएवढी कुसळे हीच खरी अडचण, कारण त्यांना उलटे दाते असतात आणि ती ओढली की तुटून आत राहतात. बोंड चिमट्याने धरून निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर सगळीकडून फिरवावे, कुसळे जळताना बारीक तडतड ऐकू येते. मग गोणपाटाच्या तुकड्यात घेऊन चोळावे, वाहत्या पाण्यात धुवावे, दोन्ही टोके कापून साल उभी चिरावी आणि सोलून गर काढावा. रस काढायचाच असेल तर तो सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळावा, म्हणजे चुकून राहिलेले कुसळ घशात जाणार नाही. गर खायचा असेल तर दोन-तीन बोंडे पुरेत. त्यांच्या बिया टणक असतात. फार बोंडे बियांसकट खाल्ल्याने आतड्यात बियांचा गोळा अडकून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ गेल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, त्यात लहान मुलेही होती. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांनी बिया थुंकून टाकाव्यात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : गडद लाल बोंडे खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते. बीट खाल्ल्यावर होते तसेच हे आहे, एक-दोन दिवसांत जाते. बोंडे बंद करूनही रंग राहिला तर मात्र तपासून घ्यावे.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने आणखी एक विषय काढणे मला गरजेचे वाटते, कारण हाच लाल रस सध्या ‘हिमोग्लोबिन वाढवणारा’ म्हणूनही विकला जातो आणि मुख्यतः मुली आणि गरोदर स्त्रियांना सांगितला जातो. त्या बाजूने जे प्रयोग पुढे केले जातात, ते उंदरांवरचे आहेत. बोंडाच्या १०० ग्रॅम गरात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते; त्याचा लाल रंग लोहाचा नाही, वर सांगितलेल्या रंगद्रव्याचा आहे. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. बोंडातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, म्हणून जेवणासोबत बोंड खायला काहीच हरकत नाही. पण गोळी बाजूला ठेवून रस पिणाऱ्या गरोदर मुलीचे आणि तिच्या बाळाचे मोठे नुकसान होते. ज्या सासूबाई सुनेसाठी ही बाटली मागवत असतील, त्यांनी त्या पैशांत शेंगदाणे, हरभरे, पालेभाज्या आणि लिंबू आणावेत, सुनेची गोळी चुकणार नाही याकडे लक्ष द्यावे आणि जेवणाला लागून चहा देऊ नये.

पुन्हा तुमच्या घराकडे येतो. आबांची उत्सुकता मला मोलाची वाटते आणि ती विझवू नये असे वाटते. डॉक्टरांनी मात्रा नीट बसवून दिल्यावर आणि त्यांची परवानगी असेल तरच, आबांना स्वतःवर एक छोटा, प्रामाणिक प्रयोग करता येईल. वहीत दोन रकाने वाढवावेत. न्याहारी, फेरीची वेळ आणि गोळ्या तशाच ठेवून एक आठवडा बोंडे न खाता आणि पुढचा आठवडा न्याहारीसोबत दोन बोंडांचा गर खाऊन, न्याहारीनंतर बरोबर दोन तासांची साखर लिहावी. असे आलटून पालटून चार आठवडे करावे. एका माणसाच्या नोंदींवरून जगाला लागू पडणारे काही ठरत नाही, हे ते जाणतातच. पण त्यांच्या घरातल्या त्यांच्या प्रश्नाला त्यांच्याच हस्ताक्षरात उत्तर मिळेल, आणि ते उत्तर घेऊन ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर बसतील. वहीचे नवे पान तुम्ही आखून द्या, रकान्यांची नावे मात्र आबांना लिहू द्या.